शून्याचं तिकीट

आमच्या गाडीवर मी ड्रायव्हर आणि ही कंडक्टर. नवरा-बायकोला एकाच गाडीवर ड्युटी देऊ नये असा नियम आमच्या आगारात कुठेही लिहिलेला नाही. नियम करणाऱ्याच्या डोक्यात असलं काही आलंच नसणार. अठरा वर्षं आम्ही नऊ नंबरच्या गाडीवर आहोत. बसस्टँडवरून निघायचं, मध्ये बाजार, दवाखाना, पेन्शनचं ऑफिस, आणि शेवटी पाण्याच्या टाकीचा चढ, जिथे गाडी माझ्यासारखीच धापा टाकते. टाकीपाशीच आमचं घर.

घरी आम्ही फारसं बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही, दिवसभरात बोलून झालेलं असतं इतकंच. तिच्या हातात घंटीची दोरी आणि माझ्या हातात हॉर्न. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, हे कुणालाही ठाऊक आहे. पण दोन घंट्या ही कशा देते त्यावरून मागे काय चाललंय ते मला समोर बसून कळतं. झटपट दोन म्हणजे सगळं ठीक. दुसरी जराशी उशिरा आली तर कुणीतरी म्हातारं माणूस अजून उभं आहे, हळू सोडा. आणि दोन्ही जोरात आल्या तर मघाशी मी ब्रेक नको तसा मारला होता आणि त्याबद्दल घरी गेल्यावर ऐकायचं आहे.

सगळी गाडी तिला ताई म्हणते, त्यामुळे मी सगळ्या गाडीचा दाजी. माझ्याहून वीस-वीस वर्षांनी मोठी माणसं मला दाजी म्हणतात आणि दाजीची करावी तशी थट्टाही करतात. "दाजी, आज गाडी चालवताय की ढकलताय?" मी उत्तर देत नाही. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी माझ्या डोक्यावर लावलेली आहे, तिचा मला फार आधार आहे.

तर एका सोमवारी सकाळी स्टँडवर गाडी लावली आणि बघतो तो नऊ नंबरच्या खांबावर कागद चिकटवलेला. 'मार्ग क्रमांक नऊ पुढील महिन्याच्या एक तारखेपासून प्रवाशांअभावी बंद करण्यात येत आहे.' खाली शिक्का.

मी तो कागद तीनदा वाचला. प्रवाशांअभावी! मग रोज आरशात मी काय भुतं बघतो? दवाखान्याच्या थांब्यावर दार लागत नाही म्हणून मी जे ओरडतो ते कुणाला? माझं डोकंच फिरलं. मार्ग गेला तर आम्हा दोघांना कुठेतरी दोन वेगळ्या गाड्यांवर टाकतील, वेगळ्या वेळा, वेगळे आगार. अठरा वर्षं ज्या दोन घंट्यांवर मी गाडी हलवतोय त्या दुसऱ्याच कुणाच्या हाताच्या असतील. बाकी कशापेक्षा मला याचीच धास्ती बसली, खोटं कशाला सांगू?

दुपारच्या सुट्टीत तडक आगारप्रमुखांच्या खोलीत गेलो. साहेब माणूस बरा, पण समोर कागद असला की त्यांना माणूस दिसत नाही. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला आणि एक तक्ता पुढे सरकवला.

"फेरीमागे सरासरी अकरा प्रवासी," साहेब म्हणाले. "अकरा! इतक्या माणसांना रिक्षा करून दिली तरी स्वस्त पडेल."

"साहेब, अकरा तर माझ्या पायऱ्यांवर असतात."

"मशीन काय सांगतं ते मी सांगतोय. बघा, तिकिटाच्या पैशात गाडी कधीच चालत नाही. त्यात टायरसुद्धा येत नाही. गाडी चालते अनुदानावर. पूर्वी नगरपालिका वर्षाला ठोक रक्कम द्यायची, कोण बसलं नि कोण उतरलं कुणी विचारत नव्हतं. या वर्षापासून डोकी मोजून देतात. जेवढी तिकिटं फाडली तेवढी डोकी. पैसे देणारा असो नाहीतर फुकट जाणारा, दोघांचं अनुदान सारखंच. फेरीला पंचवीस डोकी नसली की मार्ग बंद. परिपत्रक आलं होतं. तुम्ही दोघांनी सही केलीय."

सही केली असणारच. परिपत्रक आलं की आम्ही सही करतो. वाचायचं की काय असं आजवर कुणाच्या मनातही आलेलं नाही.

चहा पिता पिता माझ्या डोक्यात 'फुकट जाणारा' हे शब्द घोळायला लागले. पासष्टीच्या वरच्यांना तीन वर्षांपूर्वी प्रवास फुकट झाला. फुकट म्हणजे नुसतं बसायचं नाही. कंडक्टरने कार्ड बघायचं आणि शून्य रकमेचं तिकीट काढून हातात द्यायचं. तिकीट निघताना मशीन किर्र करतं. गाडीतला प्रत्येक आवाज मला पाठ आहे. बाजारच्या थांब्यावर पोरंपोरी चढतात तेव्हा किर्र, किर्र, किर्र. टाकीच्या थांब्यावर सगळ्या गाडीची आत्या चढते, मग मास्तर, मग चष्मेवाले काका, मग काठीवाल्या दोघी बहिणी. आणि तिथे काय ऐकू येतं? "या, या. सावकाश. पिशवी द्या इकडे." मग जराशी उशिरा येणारी दुसरी घंटी. किर्र नाही. तीन वर्षांत एकदाही नाही.

मी अर्धा चहा तसाच ठेवला. साहेबांना काही न बोलता मी उठलो आणि गाडीत येऊन बसलो. हिने खिडकीतून विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "घरी बोलू." त्यानंतरच्या चारही फेऱ्यांत तिच्या घंट्या जरा घाबरतच येत होत्या.

घरी ती ओट्यापाशी उभी होती. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं.

"अहो, पण आत्याला काय कार्ड मागू?" शेवटी ती म्हणाली. "एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. कार्ड काढायचं तर पिशवी खाली ठेवायची, गाडी हलतेय, तोल जातोय. आणि कशासाठी? शून्य लिहिलेल्या कागदासाठी? मला वाटलं, फुकटच आहे तर कशाला बिचाऱ्यांना त्रास."

"मला कळतंय गं."

"म्हणजे गाडी मीच बंद पाडली."

"असं काही नाही."

"तसंच आहे," ती म्हणाली आणि नळ जोरात सोडला. पाण्याच्या आवाजात माणसाला रडता येतं. ते मला कळत नाही असं तिला अठरा वर्षं वाटत आलंय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला तिने पदर खोचला, मशीन गळ्यात अडकवलं आणि दारातच उभी राहिली. "कार्ड दाखवा. प्रत्येकाने. आजपासून."

जो गोंधळ उडाला तो काय सांगू! आत्या पायरीवरच थबकली. "मी कोण आहे ते आता तू कार्ड बघून ठरवणार का गं?" मास्तरांचं कार्ड शर्टाच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पाकिटात, कडा न दुमडलेलं. ते त्यांनी इतक्या ऐटीत काढलं की बाकीच्यांना त्यांचा रागच आला. चष्मेवाल्या काकांचं कार्ड घरी कपाटात, कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये, आणि लॉकरची किल्ली सुनेकडे. काठीवाल्या दोघी बहिणींनी एकमेकींची कार्डं आणली होती, आणि कोणती कुणाची यावर पेन्शन ऑफिस येईपर्यंत वाद चालला. एका आजोबांच्या कार्डावरचा फोटो तिशीतला. ही म्हणाली, "हे तुम्ही?" आजोबा म्हणाले, "आता नाही, पण होतो."

ती फेरी बावीस मिनिटं उशिरा गेली. मला घाम फुटला, मागच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्नवर बसला, आणि मशीन मात्र किर्र किर्र करत राहिलं. इतका गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. रात्री आकडा बघितला. फेरीमागे एकावन्न. जीव भांड्यात पडला. मी हिला म्हटलं, "झालं. सुटलो." ती म्हणाली, "बघू."

तिचं बरोबर होतं. आठवड्याने हिशेब खात्यातून एक बाई आल्या. बारीक अंगाच्या, हातात पेन्सिल, मांडीवर जाड वही. नोटीस लागल्यावर चारच दिवसांत अकराचे एकावन्न झाले म्हणून त्यांना वरून पाठवलं होतं. त्या माझ्या मागच्या पहिल्या सीटवर बसल्या आणि चढणारं प्रत्येक डोकं मोजायला लागल्या.

आता इथे आमच्या माणसांनी माती खाल्ली. तपासणीला कुणीतरी येणार हे आत्याच्या कानावर गेलं होतं. आत्याने अख्खी गल्ली गोळा केली. वाचनालयात पेपर वाचत बसणारे सगळे उचलून आणले. ज्यांना आयुष्यात दवाखान्यात जायचं नव्हतं तेही दवाखान्याच्या फेरीला ठेवणीतले कपडे घालून हजर. गाडी खच्चून भरली. हिशेबाच्या बाईंनी शेजारच्या आजोबांना सहज विचारलं, "कुठे उतरणार?"

आजोबा प्रामाणिक. म्हणाले, "ताई सांगतील तिथे."

आरशात हिने कपाळाला हात लावलेला मला दिसला.

शेवटच्या थांब्यावर बाईंनी वही मिटली. आवाज न चढवता म्हणाल्या, "हे बघा, आज तुम्ही माणसं जमवलीत हे मला दिसलं. पण गेले तीन दिवस मी न सांगता बाजारच्या थांब्यावर उभी राहून ही गाडी बघतेय. तेव्हाही ती भरलेलीच होती. म्हणजे आताचा आकडा साधारण खरा आहे. मग आधीचे अकरा कसे? दोन्ही खरे असू शकत नाहीत. याचं उत्तर मला लेखी लागेल. नाहीतर वर एवढंच दिसेल की नोटीस लागल्यावर खोटी तिकिटं काढली, आणि मार्ग जाईल."

त्या उतरल्या तशी सगळी गाडी आमच्याभोवती. मीच आधी बोललो, लाज वाटते पण बोललो. "मशीन बिघडलं होतं असं लिही."

"हो, हो," मास्तर म्हणाले. "मी साक्ष देतो. आम्ही सगळे सह्या करू."

"शून्य दाबलं की अडकायचं," आत्या म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलंय." तिला दोन फुटांपलीकडचं दिसत नाही.

हिने सगळ्यांकडे एकदा बघितलं. "तीन वर्षं बिघडलेलं मशीन गळ्यात घेऊन फिरले, असं लिहू? आणि उद्या त्या मशीन दुरुस्त करणाऱ्याची नोकरी गेली म्हणजे? तो बिचारा दर महिन्याला मशीन पुसून देतो. नाही. मशीनने मला एक दिवस दगा दिला नाही."

"अगं, पण खरं लिहिलंस तर तुला काढतील," मी म्हटलं. "निदान या गाडीवरून तरी काढतील."

"काढू देत," ती म्हणाली, "पण गाडी राहील ना!" आणि तिने दोरी ओढली. झटपट दोन घंट्या.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती वही घेऊन बसली. मला वाटलं चार ओळी लिहील. तिने सात पानं लिहिली. पहिल्या पानावर दोन वाक्यं: 'शून्य तिकीट काढायचं असतं हे मला माहीत होतं. म्हाताऱ्या माणसांना कार्ड मागणं जिवावर यायचं म्हणून मी ते तीन वर्षं काढलं नाही, चूक माझी आहे.' आणि पुढची सहा पानं नुसती यादी. टाकीचा थांबा, पावणेआठ: आत्या, गुडघा, सोमवार आणि गुरुवार दवाखाना, बाकी दिवशी बाजार. मास्तर, वाचनालय, रविवार सोडून रोज. पेन्शन ऑफिस, अकरा: काठीवाल्या बहिणी, महिन्याच्या दोन तारखेला पेन्शन, दर मंगळवारी दवाखाना, परतीला साडेबाराची गाडी, मोठीला खिडकी लागते. चष्मेवाले काका, डोळ्यांचं ऑपरेशन झालं ते दोन महिने आले नाहीत. थांब्यामागून थांबा, फेरीमागून फेरी. आठवावं लागलं असं कुठे दिसलं नाही, पेन एकदाही थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत हिशेबाच्या बाईंनी ती पानं वाचली. मी दाराबाहेर, पण दार उघडं. शेवटचं पान उलटून त्या म्हणाल्या, "यात एकाही माणसाचं नाव नाही."

"नावं कार्डावर असतात," ही म्हणाली. "कार्ड मी बघितलंच नाही कधी."

बाईंनी पेन्सिल उचलली आणि त्या यादी घेऊन गेल्या. पुढचे पाच दिवस त्या थांब्याथांब्यावर उभ्या दिसायच्या. वहीत बघायच्या, चढणाऱ्या माणसाकडे बघायच्या, खूण करायच्या. मंगळवारी त्यांनी मला खिडकीतून विचारलं, "साडेबाराला त्या मोठ्या बहिणीला खिडकी मिळाली का?" मी म्हटलं, "मिळाली." त्यांनी तेही लिहून घेतलं.

महिनाअखेर दोन कागद आले. पहिला नऊ नंबरच्या खांबावर लागला: मार्ग चालू राहील. आत्याने तो वाचायला लावला, मग पुन्हा वाचायला लावला, आणि मग सगळ्या गाडीने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, जणू मीच काही केलं होतं. दुसरा कागद हिच्या हातात पडला. शून्य तिकिटं न काढल्याबद्दल कंडक्टरच्या कामावरून कमी, उरलेली नोकरी स्टँडवर पासच्या खिडकीवर. ज्येष्ठांची कार्डं करून द्यायची.

मला साहेबांच्या टेबलावर हात आपटावासा वाटला. आपटला नाही. नियमाने बघितलं तर त्यांनी तिला सांभाळूनच घेतलं होतं, हे मलाही कळत होतं. तरी शेवटच्या दिवशी ड्युटी संपल्यावर तिने मशीन, पिशवी आणि शिटी टेबलावर ठेवली आणि मला स्टँडवर नीट बघता येईना. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं असं मी मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले, "माझ्याही."

एक तारखेला मी पहाटे एकटाच आगारात गेलो. नवे कंडक्टर चाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, स्वभावाने गरीब. घंटी देतात ती नियमाप्रमाणे. दोन म्हणजे दोन. त्यातून मला काही कळत नाही. दोनदा गाडी सोडली आणि मागे कुणीतरी अडखळलं. मग मी प्रत्येक थांब्यावर मान वळवून बघायला लागलो, आणि दुपारपर्यंत मान धरली.

त्याच सकाळी ही कामावर निघाली पावणेआठच्या फेरीला. टाकीच्या थांब्यावर मी गाडी लावली तर ती रांगेत उभी. खाकी नाही, घरातली निळी साडी, खांद्यावर पर्स. तिला असं खालून गाडीकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. आत्या तिच्या पुढे होती. आत्याने पिशवी तिच्या हातात दिली, दुसऱ्या हाताने कार्ड काढलं, किर्र. मास्तर, किर्र. काका, किर्र.

मग ही चढली. कर्मचाऱ्यांनाही शून्याचंच तिकीट असतं, ओळखपत्र दाखवून. नव्या कंडक्टरांनी मशीन खाली केलं, हसले आणि अदबीने म्हणाले, "बसा ताई, बसा. तुमच्याकडे काय कार्ड मागायचं!"

मी आरशात बघत होतो.

"मागायचं," ती म्हणाली. "माझ्याकडेच आधी मागायचं."

तिने आत्याची पिशवी खाली ठेवली, दांडीला कोपर अडकवून पर्स उघडली आणि शोधायला लागली. चष्म्याचं घर निघालं, रुमाल निघाला, किल्ल्या निघाल्या. ओळखपत्र कुठे तळाशी गेलं होतं. मागची गाडी हॉर्न देऊ लागली. सगळी म्हातारी माणसं माना वर करून तिच्याकडे बघत होती आणि कुणीही घाई करत नव्हतं. मीही नाही. शेवटी ते सापडलं. त्यांनी बघितलं आणि बटण दाबलं. किर्र.

कागदाची ती चिटोरी तिने हातात धरली, नीट घडी केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. नव्या कंडक्टरांच्या एका हातात मशीन होतं आणि दुसऱ्या हाताने ते आत्याला सीटवर बसवत होते, म्हणून घंटी द्यायची राहिली. हिने वर बघितलं, हात उंचावला आणि दोरी ओढली.

एक घंटी आली. मग जराशी थांबून दुसरी. मी गाडी हळू सोडली.